खरखर आणि प्रामाण्य

पुण्याच्या रस्त्यांवरून रोज ऑफिसला जाणाऱ्या रोड बाइकचा आवाज जुलैमध्ये बदलतो. उन्हाळ्यात चेन नुसती सळसळत असते. मग पावसाच्या दोन-चार जोरदार सरी येतात, खोदलेल्या रस्त्याचा चिखल चेनवर उडतो, सायकल रात्रभर ओल्या पार्किंगमध्ये उभी राहते, आणि एका सकाळी चांदणी चौकाचा चढ चढताना मागच्या चाकाजवळ खरखर सुरू होते. गिअर बदलला की थांबते, पुढच्या गिअरवर पुन्हा हजर होते. सायकलस्वार मान खाली घालून बघतो. चेन फिरते आहे, गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर जागच्या जागी आहे, डोळ्यांना काही वावगे दिसत नाही. कानाला मात्र खात्री असते की काहीतरी बिघडले आहे.

सोपी वाट ठरलेली आहे. सायकल दुकानात टाकायची आणि वायर, चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांचा संच) असे सगळेच बदलून घ्यायचे. ज्याला आधी कारण हवे असते तो मात्र गुडघे टेकून मागच्या चाकाशी बसतो आणि नकळत एका फार जुन्या वादात ओढला जातो. समोर फक्त खूण आहे. तिच्यामागे जे आहे ते दिसत नाही. मग तिथवर पोचायचे कसे? आणि पोचल्यावर जे हाती लागले तेच खरे कारण, हे ठरवायचे कशावरून? पहिला प्रश्न अनुमानाचा. दुसरा प्रामाण्याचा.

यातला दुसरा प्रश्न मुळात धर्माच्या पोटी जन्मला. वेदवाक्य खरे का मानायचे, यावर मीमांसक आणि न्यायशास्त्राचे अनुयायी नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसक म्हणत, ज्ञान झाले की त्याचा खरेपणा त्याच्यासोबतच येतो, आणि ते खोडणारे काही पुढे आले तरच ते सोडायचे. वेदाला कर्ता नाही, त्यामुळे कर्त्याचे दोषही त्यात शिरू शकत नाहीत, म्हणून वेद स्वतःच प्रमाण. नैयायिकांना हे पटले नाही. ज्ञान खरे की खोटे हे ज्ञानाच्या बाहेरून ठरते, असे त्यांचे म्हणणे. त्या ज्ञानावर विसंबून माणूस काही करायला जातो आणि ते साधते की फसते, यावर ते कळते. वेद प्रमाण आहे तो सांगणारा विश्वासार्ह आहे म्हणून.

एवढा मोठा वाद गिअरच्या खरखरीपाशी आणणे काहींना खटकेल. पण न्यायशास्त्राने आपली उदाहरणे नेहमीच घराच्या आसपासची निवडली: डोंगरावरचा धूर, स्वयंपाकघरातली चूल, फुगलेली नदी, अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचे पहिलेच वाक्य प्रमाणाची सार्थकता यशस्वी कृतीशी बांधते. कृतीपासून बोलायला लागणारे शास्त्र हातात पाना धरलेल्या माणसाला परके वाटायचे कारण नाही.

आधी खुद्द आवाजाकडे पाहायला हवे. न्याय-वैशेषिक मतानुसार शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण आहे. तो जिथे उपजतो तिथून उठून कानापर्यंत चालत येत नाही. पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि कानाला भेटतो तो या मालिकेतला शेवटचा. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाच्या ग्रंथात या प्रसाराला वीचितरंगन्याय म्हटले आहे. एका लाटेतून पुढची लाट, तसे. आजच्या ध्वनिशास्त्राला यातले आकाश मान्य नाही, पण कानाने ऐकलेला शब्द हा मूळ शब्द नव्हे, हा बारकावा सायकलवर रोज खरा ठरतो. फ्रेम म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पोकळ नळ्या. सीटपोस्ट कोरडा पडून कुरकुरत असेल तर ती कुरकुर खाली क्रँकपाशी ऐकू येते. पेडलचा आटा सैल असेल तर टकटक क्रँकचा आस धरणाऱ्या बॉटम ब्रॅकेटमधून आल्यासारखी वाटते, आणि या भ्रमापायी धडधाकट बॉटम ब्रॅकेट काढून नवे बसवले जाते. आवाज ऐकू आला हे प्रत्यक्ष. तो अमुक जागेतून आला, हे अनुमान. सायकल दुरुस्त करणाऱ्याची पहिली चूक बहुधा या दोहोंना एक समजण्यात असते.

अनुमानावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न न्यायसूत्रांनी स्वतःलाच विचारला आहे. पहिल्या अध्यायात सूत्रकार गौतम अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगतो. शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे. नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला, हे ओळखणे. दुसऱ्या अध्यायात प्रतिपक्षी उठतो आणि तीन हरकती घेतो. नदी बांध घातल्यानेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार, असे म्हणता, पण वारूळ मोडले तरी त्या निघतात. मोर ओरडला असे म्हणता, पण तसा आवाज माणूसही काढतो. मग अनुमान हे प्रमाण कसले?

न्यायाचे उत्तर या सगळ्या चर्चेचा कणा आहे. नुसते फुगणे ही खूणच नव्हे, असे ते सांगते. पावसाच्या पुराची खूण वेगळी असते. प्रवाहाला ओढ असते, पाण्यावर फेस असतो, फळे, पाने, लाकडे वाहत येत असतात. जो नुसते फुगलेले पाणी पाहून पाऊस ठरवतो त्याची चूक त्याच्या पाहण्यात आहे, अनुमान या साधनात नाही.

‘गिअर वाजतात’ ही तक्रार म्हणजे नुसती फुगलेली नदी. फेस आणि पाने कुठे आहेत ते शोधावे लागते, आणि सायकलवर ते शोधायला महागडे अवजार लागत नाही. चालत्या सायकलवर क्षणभर पेडल थांबवायचे. आवाज थांबला तर दोष क्रँक, पेडल, चेन, कॅसेट, डिरेलर या साखळीत आहे. नाही थांबला तर चाक, ब्रेक, मडगार्ड यांच्याकडे वळायचे. (पेडल थांबवल्यावर मागच्या हबमधून येणारी टिकटिक हा दोष नव्हे. ते आतल्या ‘कुत्र्यांचे’, म्हणजे चाकाला एकाच दिशेने पकडणाऱ्या खिट्ट्यांचे, काम आहे.) मग सीटवरून उठून उभ्याने पेडल मारायचे. आवाज गेला तर संशय सीट आणि सीटपोस्टवर. बसल्यावर तेवढाच, उठल्यावर तेवढाच राहिला तर ते दोघे सुटले.

यापुढची खूण तालाची आहे, आणि ती फारच सुंदर आहे. आवाज पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर क्रँक, पेडल किंवा पुढची दात्यांची चकती तपासायची. पण समजा, तो दर दोन फेऱ्यांहून थोड्या जास्त अंतराने येतो. रोड बाइकच्या चेनमध्ये साधारण ११० कड्या असतात. पुढे ५० दात्यांची चकती असेल तर पेडलच्या एका फेरीत चेनच्या ५० कड्या पुढे सरकतात, म्हणजे पूर्ण चेन एकदा फिरून यायला २.२ फेऱ्या लागतात. तेवढ्या अंतराने टक होत असेल तर कुठली तरी एकच कडी अडकते आहे. याची खातरजमाही करता येते. पुढचा गिअर लहान, ३४ दात्यांचा, करायचा. आता चेनला फिरून यायला सव्वातीन फेऱ्या लागायला हव्यात. टकटकीचे अंतर तसे वाढले तर कडी सापडलीच. चेन हाताने उलटी फिरवत डिरेलरच्या लहान चाकांवरून जाताना पाहिली की ती उडी मारताना दिसते. दोन्ही बाजूंनी धरून आडवी हलवली आणि थेंबभर तेल दिले की बहुतेक वेळा मोकळी होते. न उघडलेल्या यंत्रातला दोष केवळ अंतर मोजून कडीपर्यंत पकडता येतो, ही अनुमानाची ताकद आहे, आणि ती अनुभवल्यावर अनुमानाला दुय्यम दर्जाचे ज्ञान म्हणणे जड जाते.

वात्स्यायनाने शेषवत् या शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे: परिशेष. शक्य ते सगळे पर्याय मांडायचे, एकेक खोडायचा आणि उरेल ते घ्यायचे. त्याने दिलेले उदाहरण योगायोगाने शब्दाचेच आहे. शब्द हे द्रव्य नव्हे, कर्मही नव्हे, म्हणून तो गुण. मेकॅनिकही असेच चालतो. पण परिशेषाला एक अट आहे. मांडलेल्या पर्यायांबाहेर काही राहिलेले नसावे. सायकलवर ही अट फार लवकर मोडते. क्विक रिलीज नीट आवळले गेले नसेल तर मागचे चाक फ्रेममध्ये किंचित तिरके बसते आणि निर्दोष डिरेलरही खरखरतो. गिअर वायरचे सुटे टोक आऱ्यांना घासते. बाटलीच्या स्टँडचा स्क्रू सैल होतो. सीटखालच्या पिशवीत किल्ल्या वाजतात. म्हणून जाणता माणूस डिरेलरला हात लावण्याआधी चाक काढून पुन्हा सरळ बसवतो आणि सगळे स्क्रू तपासतो. क्षुल्लक वाटणारी कारणे यादीत आधी घेतली नाहीत, तर शेवटी जे उरते ते कारण नसून विसरलेल्या गोष्टींची सावली असते.

आता खऱ्या गिअरकडे. पूर्वी रोड बाइकचे गिअर घर्षणावर चालत. स्वार एक दांडी सरकवे, चेन दात्यावर बसल्याचे कानाने ओळखे, आणि खरखर आली तर दांडी केसभर हलवे. यंत्रातली उणीव दर वेळी हाताने भरून काढली जाई. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस या संचात इंडेक्स पद्धत आणली. आता एक टिक म्हणजे एक गिअर. प्रत्येक टिकला वायर ठरलेली लांबी ओढते आणि डिरेलर ठरलेले अंतर सरकतो. आठ गिअरच्या कॅसेटमध्ये दोन शेजारच्या चकत्यांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ४.८ मिलिमीटर असते. अकरा गिअरच्या कॅसेटमध्ये ते पावणेचारच्या आसपास येते. एवढ्याशा जागेत वायर किंचित सैल पडली की चेन शेजारच्या चकतीला घासू लागते. नव्या सायकलवर पहिल्या काही आठवड्यांत असे बहुधा होतेच, कारण वायरच्या बाहेरचे आवरण आपापल्या जागी दबून बसते.

यावर उपाय म्हणजे बॅरल ॲडजस्टर नावाची फिरकी. वायर मागच्या डिरेलरमध्ये शिरते तिथे ती असते. मागून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवली की वायर ताणते आणि चेन मोठ्या दात्यांकडे ओढली जाते. चेन मोठ्या दात्यावर चढायला आढेवेढे घेत असेल तर ताण कमी आहे. लहान दात्यावर उतरायला आढेवेढे घेत असेल तर ताण जास्त आहे, किंवा वायर आवरणात अडकते आहे. फिरकी एका वेळी पाव फेरी फिरवायची, गिअर बदलून ऐकायचे, मग पुढची पाव फेरी.

पाव फेरीच का? कारण ती तेवढीच उलट फिरवता येते. न्यायशास्त्रात कार्यकारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक लागतात: कारण असताना कार्य असणे आणि कारण नसताना कार्य नसणे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मधल्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हेच वेगळ्या वाटेने मांडले. फिरकी पाव फेरी फिरवल्यावर खरखर गेली, हा अर्धा पुरावा. ती परत पाव फेरी मागे आणल्यावर खरखर परतली, तर दुसरा अर्धा. आवाज गेल्याच्या आनंदात तो मुद्दाम परत आणून पाहणारी माणसे थोडी, पण कारण कळले असे म्हणायचा अधिकार त्यांनाच आहे.

फिरकीने भागले नाही तर प्रश्न अवघड होतो. इथे जुनी मंडळी उपाधी म्हणत ती चीज आडवी येते. धूर असेल तिथे अग्नी असतोच. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. ओले लाकूड असेल तरच धूर होतो. ओलेपणा ही लपलेली अट, ती उपाधी. ती ध्यानात न घेता बांधलेला नियम दिसायला पक्का असतो आणि नेमका हवा तेव्हा मोडतो.  

सायकलवरची सर्वांत लबाड उपाधी म्हणजे चेनची झीज. ‘चेन ताणली’ असे म्हणतात, पण पोलाद ताणलेले नसते. कड्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्याभोवतीची बैठक झिजते, प्रत्येक जोडात केसाएवढी जागा होते, आणि शंभर जोडांची मिळून चेन लांब होते. हे साध्या फूटपट्टीने मोजता येते. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ अंतरे मिळून नेमके १२ इंच भरायला हवेत. १२ इंचांवर एक षोडशांश इंच जास्त भरला तर झीज सुमारे अर्धा टक्का झाली. अकरा-बारा गिअरच्या चेनला एवढ्यावरच निरोप द्यावा, कमी गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यापर्यंत चालते. एक टक्का ओलांडला की झिजलेल्या चेनने कॅसेटचे दातेही आपल्या मापाचे करून टाकलेले असतात, आणि मग नवी चेन बसवली तर ती जोर लावताच दात्यांवरून घसरते. चेन नवी आणि त्रास जुन्यापेक्षा जास्त! नवा भाग आला म्हणजे दोष गेला, हा नियम इथे मोडतो, कारण कॅसेटची झीज ही ओल्या लाकडासारखी मागे लपलेली होती.

दुसरे उदाहरण हँगरचे. डिरेलर ज्या तुकड्याला लटकतो तो बहुतेक आधुनिक फ्रेमवर मऊ ॲल्युमिनियमचा, बदलता येणारा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेमच्या आधी त्याने वाकावे, यासाठीच. तो दोन-तीन मिलिमीटर वाकला तरी डोळ्याला कळत नाही. फिरकीने लहान गिअर शांत केले की मोठे वाजतात, मोठे शांत केले की लहान.

हँगर वाकला आहे हे ओळखणे वेगळे आणि ते दुसऱ्याला पटवणे वेगळे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक स्वतःसाठीचे आणि एक दुसऱ्यासाठीचे. मुरलेल्या मेकॅनिकचे अनुमान पहिल्या प्रकारचे. अनेकदा पाहिले आहे, ऐकले आहे, कानाला कळते. मायकेल पोलानीने १९५८ मध्ये ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात सायकल चालवण्याचेच उदाहरण घेऊन दाखवले की तोल सांभाळणाऱ्याला तोलाचा नियम सांगता येत नाही, तरी तो तोल सांभाळतो. हे खरे आहे. पण ज्याची सायकल आहे आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत, त्याने ‘कशावरून?’ असे विचारले की दुसऱ्या प्रकारचे, पाच अवयवांचे अनुमान द्यावे लागते. प्रतिज्ञा: या सायकलचा हँगर वाकला आहे. हेतू: एका टोकाचे गिअर जुळवले की दुसऱ्या टोकाचे वाजतात. उदाहरण: जिथे असे होते तिथे हँगर वाकलेला असतो, जसे परवा उजवीकडे पडलेल्या त्या सायकलवर. उपनय: इथेही तसेच होते आहे. निगमन: म्हणून इथेही हँगर वाकला आहे.

नीट मांडल्यावरच यातले भोक दिसते. शिफ्टर आणि कॅसेट वेगवेगळ्या मापांचे असतील, म्हणजे आठ गिअरचा शिफ्टर आणि नऊ गिअरची कॅसेट, तरी हेच लक्षण दिसेल. हेतू व्यभिचारी, म्हणजे दुसऱ्या कारणापाशीही आढळणारा, निघाला. तो शुद्ध करायचा तर दोन गोष्टी कराव्या लागतात. आधी भागांवरचे आकडे वाचून मापे जुळतात हे पाहायचे. मग डिरेलर काढून त्याच आट्यात हँगरचे गेज बसवायचे, त्याचा दांडा चाकाच्या रिमभोवती फिरवायचा आणि वर, खाली, पुढे, मागे अंतर सारखे येते का हे बघायचे. ते सारखे आले नाही, की वाकलेपणा आता अनुमानाचा विषय राहत नाही. तो डोळ्यांसमोर असतो. चांगल्या दुकानात गिऱ्हाइकाला हे गेज लावून दाखवतात. तो फार मोठा शिष्टाचार आहे, कारण त्यात एका माणसाचे ज्ञान दुसऱ्याच्या स्वाधीन होते.

आता त्या सोप्या वाटेबद्दल. वायर, चेन, कॅसेट सगळे बदलले आणि आवाज गेला. सायकल बरी झाली. मग तक्रार कशाला?

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कशास्त्र्याने असा माणूस रंगवला आहे, जो दूरवर घोंघावणाऱ्या किड्यांचा थवा पाहून त्याला धूर समजतो आणि तिथे आग आहे असे म्हणतो. आग खरोखर नुकतीच पेटवलेली असते, पण धूर अजून निघालेला नसतो. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात मुठीतल्या कवड्यांची संख्या अंदाजाने नेमकी सांगणाऱ्याचे उदाहरण घेतले. दोघांचेही म्हणणे खरे निघाले, पण दोघांना ज्ञान झाले म्हणायचे का? पश्चिमेकडे हाच पेच एडमंड गेटियरच्या १९६३ मधल्या तीन पानांच्या निबंधाने गाजला. सगळे भाग बदलणारा मेकॅनिक मुठीतल्या कवड्या बरोबर सांगणाऱ्यासारखाच आहे. त्याच्या बदलांत कारण कुठेतरी होते, पण कोणते ते त्याला माहीत नाही. पुढच्या पावसाळ्यात खरखर परतली तर त्याच्यापाशी पुन्हा सगळे बदलण्याखेरीज उपाय नाही. शिवाय फेकून दिलेल्या कॅसेटमध्ये अजून दोन चेनचे आयुष्य शिल्लक असू शकते. न कळलेल्या कारणाची किंमत कोणीतरी मोजतोच, बहुधा रोज सायकलने कामावर जाणारा, ज्याच्याकडे दुसरे वाहन नसते.

मात्र संशयालाही हद्द लागते. अनुमान मुळीच न मानणारे चार्वाक म्हणत, कितीही वेळा धूर आणि आग एकत्र पाहिले तरी पुढच्या वेळी तसेच होईल याची हमी कोण देणार? या वृत्तीने सायकल तपासायला बसलेला माणूस उठणारच नाही. फिरकीने आवाज गेला, पण तेव्हाच वारा पडला असेल. हँगर सरळ केला, पण सरळ करताना दुसरेच काही हलले असेल. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त उत्तर दिले की संशय तोवरच टिकतो, जोवर तो स्वतःच्या वागण्याशी विसंगत होत नाही. धूर हवा म्हणून जो आग पेटवतो, त्याला आगीने धूर होतो याचा संशय आहे असे म्हणता येत नाही. त्याचे हात त्याच्या तोंडाला खोटे पाडतात. श्रीहर्षाने यावर चिवट हल्ला चढवला आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने उदयनाची बाजू नव्याने सावरली. सायकलपाशी बसलेल्या माणसाला उदयनाचे पटते. संशय डोक्यात किती ताणता येतो हे इथे गौण आहे. तो हातांना काही वेगळे करायला लावतो का, एवढे पाहायचे. लावत असेल तर तो संशय कामाचा.

राहिला प्रामाण्याचा प्रश्न. स्टँडवर सायकल चढवून हाताने पेडल फिरवले आणि सगळे गिअर शांत चालले, तेव्हा काम झाले का? मीमांसक म्हणेल, झाले. खोडणारे काही पुढे येईपर्यंत हेच खरे धरून चाला. नैयायिक म्हणेल, रस्त्यावर नेल्याशिवाय नाही. इथे नैयायिक बरोबर आहे, आणि त्याचे कारण यंत्रातच आहे. स्टँडवर चेनवर माणसाच्या पायाचा जोर नसतो. झिजलेला दाता हाताच्या जोराला धरतो, चढावर उभ्याने पेडल मारताच सोडतो. कॅसेटची सैल लॉकरिंगही पुष्कळदा ओझे पडल्यावरच वाजते. परीक्षा आवाज जिथे झाला तिथेच व्हायला हवी, त्याच गिअरवर, त्याच चढावर.

तरीही मीमांसकाला पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. रोज सकाळी निघणारा माणूस प्रत्येक नट तपासून निघत नाही. तो ब्रेकवर, चेनवर, फोर्कवर विसंबतो. बहुतेक ज्ञान असेच पुराव्याशिवाय चालते, आणि चालायलाच हवे. या दोघांमध्ये जैन तार्किकांनी घेतलेली भूमिका कामाच्या जागी सर्वांत जवळची वाटते. माणिक्यनंदी आणि त्यांच्यानंतर हेमचंद्र यांनी असे मांडले की सरावाच्या विषयात प्रामाण्य स्वतःच कळते आणि सराव नसलेल्या विषयात ते बाहेरून तपासावे लागते. वर्षानुवर्षे चेन हाताळलेल्या मेकॅनिकने कोरड्या चेनची चिवचिव ऐकताक्षणी तेलाची बाटली उचलली तर तो घाई करत नाही. त्याच्यासाठी ते स्वतःसिद्ध आहे. तोच मेकॅनिक पहिल्यांदा पाहिलेल्या बारा गिअरच्या संचावर जुन्या सवयीने निदान करू लागला तर मात्र त्याने थांबून मोजायला हवे. सराव नक्की कुठवर पोचला आहे, हे प्रामाणिकपणे ओळखणे हे या भूमिकेतले अवघड काम आहे, आणि ते कोणत्याही गेजने होत नाही.

जैन मताला एक पुरवणी जोडायला हवी, ती निदान चुकल्यास मोजाव्या लागणाऱ्या किमतीची. गिअरची खरखर घेऊन आठवडाभर कामावर जाता येते. फार तर चेन झिजेल, गिअर उशिरा पडेल. पण हँडल, त्याचा स्टेम, पुढचा फोर्क किंवा क्रँकचा दांडा यांतून जोर लावताना कटकट येऊ लागली, तर सराव, यादी, पाव फेरी यांतले काहीच आधी करायचे नसते. तिथे तडा असू शकतो, आणि तो आहे की नाही हे उतारावर आजमावण्यात अर्थ नाही. सायकलवरून उतरायचे, ती ढकलत न्यायची, तो भाग काढून, पुसून, उजेडात धरून पाहायचा. चांदणी चौकाचा चढ ओलांडून बावधनकडे उतरायला लागण्यापूर्वीच.